एका आजोळाचे तीन स्टुडिओ

१९४६ हे साल घ्यावे. त्या एका वर्षात तीन मराठी दिग्दर्शकांचे हिंदी बोलपट देशभर झळकले. परळच्या राजकमल कलामंदिराने ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ आणला. त्यात सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांची भूमिका स्वतः व्ही. शांताराम यांनी केली, तर त्यांची चिनी पत्नी चिंग लान साकारली शांतारामबापूंच्या पत्नी जयश्री यांनी. भालजी पेंढारकरांनी पृथ्वीराज कपूर आणि शांता आपटे यांना घेऊन ‘वाल्मिकी’ काढला. त्यात विशीतले राज कपूर नारदाच्या भूमिकेत होते. आणि मास्टर विनायक यांच्या प्रफुल्ल पिक्चर्सचा ‘सुभद्रा’ याच साली पडद्यावर आला.

हे तीन दिग्दर्शक एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते हे उघडच आहे. ते एकमेकांचे भाऊही होते. बाबुराव आणि भालजी पेंढारकर हे सख्खे भाऊ, विनायक कर्नाटकी त्यांचे सावत्र भाऊ, आणि शांताराम वणकुद्रे त्यांचे मावसभाऊ. यांतले थोरले बाबुराव १९४६ साली कुठे होते, तर शांतारामांच्या ‘कोटणीस’मध्ये जनरल फोंग या चिनी सेनानीच्या वेषात.

एका कुटुंबातली चार माणसे एकाच धंद्यात पडली, एकाच कंपनीत वाढली, आणि पुढे आपापली चूल मांडून वेगळी झाली. आपल्या चित्रपटेतिहासात ही हकीकत पुष्कळदा आली आहे. पण ती येते ती भावांची हकीकत म्हणून. वेगळी चूल मांडताना तिच्यापाशी कोण होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या लेखात तो विचारायचा आहे.

कंपनीचे बिऱ्हाड

मराठी चित्रपट कंपनीचा नमुना कारखान्याचा नव्हता, नाटक मंडळीचा होता. नाटक मंडळीत नट, गवई, पडदे रंगवणारे, स्वयंपाकी असे सगळे एका बिऱ्हाडात राहत, एका पंगतीत जेवत आणि मालकाला घरच्या कर्त्या पुरुषासारखे मानत. या घरात बायका मात्र नव्हत्या. स्त्रीभूमिका पुरुषच करत, त्यामुळे ‘कंपनी म्हणजे कुटुंब’ ही कल्पना कसोटीला न लागता टिकून राहिली.

चित्रपटाच्या आरंभी हे चित्र थोडे बदलले. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण केला तेव्हा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे शिकल्या होत्या, भांडवलासाठी दागिने देऊन बसल्या होत्या आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत होत्या. पडद्यावर त्या आल्या नाहीत. तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुष नटाने केली. म्हणजे मराठी चित्रपटातली पहिली स्त्री-तंत्रज्ञ ही एक गृहिणी होती, आणि तिचे तंत्र घरकामात जमा झाले. पुढच्या सगळ्या हकीकतीचे बीज या एका गोष्टीत आहे.

कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली तेव्हा बाबुराव पेंढारकर तिच्या व्यवस्थापनात होते. मावसभाऊ शांताराम यांना १९२०च्या सुमारास पेंटरांकडे नेले तेही त्यांनीच. तिथे सुतारकामापासून अभिनयापर्यंत पडेल ते काम करत शांताराम घडले. १ जून १९२९ रोजी विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्याबरोबर त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली.

प्रभातच्या पहिल्या वर्षांत हे घर बऱ्याच अंशी एकत्र होते. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’त शांतारामांचे दिग्दर्शन, बाबुराव पेंढारकर गंगानाथ आणि मास्टर विनायक नारद. तारामती मात्र आता पुरुष नव्हता. ती दुर्गा खोटे होत्या, मुंबईच्या सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातल्या. पुढच्या वर्षी ‘सैरंध्री’ आला. तो रंगीत करण्याचा प्रयत्न झाला, त्यासाठी जर्मनीत प्रक्रिया करून घेतली, पण रंग साधले नाहीत. त्यातली सैरंध्री होती लीला चंद्रगिरी. पुढे भालजींशी विवाह होऊन त्या लीलाबाई पेंढारकर झाल्या. शांतारामांच्या पडद्यावरची नायिका त्यांच्या मावसभावाच्या घरची गृहिणी झाली.

वाटणी

१९३३मध्ये प्रभातने कोल्हापूर सोडून पुण्याला जायचे ठरवले. पुण्यात वीज, रेल्वे आणि मुंबईची जवळीक होती. पण कोल्हापूरच्या दरबाराला आपल्या गावातला हा धंदा जाऊ द्यायचा नव्हता. छत्रपती राजाराम महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली आणि प्रभातबरोबर पुण्याला न जाता बाबुराव तिकडे आले. भालजींनी तिथे १९३४ साली ‘आकाशवाणी’ केला. विनायकांनी पुढच्या वर्षी ‘विलासी ईश्वर’पासून दिग्दर्शनाला हात घातला. १९३६मध्ये विनायक, बाबुराव आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी हंस पिक्चर्स काढली, आणि वि. स. खांडेकरांच्या कथेवरच्या ‘छाया’पासून ‘ब्रह्मचारी’, ‘ब्रँडीची बाटली’पर्यंत खांडेकर-अत्रे यांच्या लेखणीचा एक काळ सुरू झाला.

म्हणजे तीन-चार वर्षांत तीन वाटा फुटल्या: पुण्यात शांताराम, पौराणिक-ऐतिहासिक चित्रपटांच्या मार्गाने भालजी, आणि सामाजिक विनोदाच्या मार्गाने विनायक. याला भांडण म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. एकत्र कुटुंबात वाटणी होते ती बहुधा दोन कारणांनी. एक, कर्ते एकाहून अधिक होतात. दुसरे, घरात सुना येतात आणि प्रत्येक खोलीचे वेगळे जग तयार होते. स्टुडिओतही नेमके हेच झाले.

प्रभातमध्ये कलावंत मासिक पगारावर असत. नायिका ही कंपनीची नोकर. आज दामले-फत्तेलालांच्या चित्रात, उद्या शांतारामांच्या. कोणत्याही एका भागीदाराची ती नव्हे, म्हणून ती सर्वांच्या उपयोगाची. भागीदाराने तिच्याशी लग्न केले की हा समतोल ढळे. भूमिका वाटताना, पगार ठरवताना, वेळापत्रक करताना समोर नोकर नसून भागीदाराची पत्नी असे. केशवराव धायबरांनी ‘अमृतमंथन’ची नायिका नलिनी तर्खड यांच्याशी विवाह केला आणि ते प्रभातमधून बाहेर पडले. पुढे शांतारामांच्या बाबतीत तेच घडले. ‘शेजारी’त काम करणाऱ्या जयश्री कामुलकर यांच्याशी १९४१ साली त्यांचा विवाह झाला, १९४२मध्ये त्यांनी प्रभात सोडली. सोडण्याची कारणे एकाहून जास्त होती. पण पाच भागीदारांच्या घरात एका भागीदाराची वेगळी चूल पेटली होती, हेही त्यांतले एक कारण होते असे मानायला जागा आहे.

इथे एक गोष्ट विसरू नये. शांतारामांच्या पहिल्या पत्नी विमलाबाई घरी होत्या. हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती. मुंबई प्रांताने द्विभार्या-प्रतिबंधक कायदा केला तो १९४६ साली. म्हणून ‘दिग्दर्शक आणि त्याची पत्नी’ असे आपण सहज म्हणतो तेव्हा त्या जोडीत तिसरे माणूसही असते, आणि ते श्रेयनामावलीत कधीच नसते.

दोन भाऊ आणि एक जागा

याच सुमारास मुंबईत परळच्या लवजी कॅसलमध्ये दुसऱ्या एका भावांच्या जोडीची वाटणी चालली होती. जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या पारशी बंधूंनी १९३३मध्ये वाडिया मूव्हिटोन काढली. १९३५च्या ‘हंटरवाली’ने ऑस्ट्रेलियात जन्मलेली नादिया घराघरांत पोहोचली. थोरल्या भावाला गंभीर, सामाजिक चित्रपटांची ओढ. धाकट्याला घोडे, चाबूक आणि आगगाडीच्या टपावरची मारामारी प्रिय. १९४२च्या सुमारास होमी वेगळे झाले, त्यांनी बसंत पिक्चर्स काढली आणि नादिया त्यांच्याबरोबर गेल्या. त्यांचे लग्न मात्र झाले थेट १९६१ साली; काम आधी, नाते नंतर जाहीर.

भावांची वाटणी झाल्यावर रिकामा झालेला परळचा तो स्टुडिओ कोणाकडे गेला? व्ही. शांताराम यांच्याकडे. तिथेच राजकमल कलामंदिर उभे राहिले. एका घराची वाटणी दुसऱ्या घराचा पाया झाली. राजकमलचा पहिला चित्रपट १९४३चा ‘शकुंतला’, नायिका जयश्री, छायालेखन शांतारामांचे भाऊ व्ही. अवधूत यांचे. मुंबईच्या स्वस्तिक चित्रगृहात तो १०४ आठवडे चालल्याचे सांगितले जाते. नव्या कंपनीचे कर्ज, पत आणि नाव या एका चित्रावर उभे राहिले. आणि हे चित्र उभे होते जयश्रीबाईंच्या चेहऱ्यावर. त्यांना कंपनीचे भांडवल म्हणणे चूक ठरणार नाही. पण भांडवलाला मालकी नसते.

तीन घरांच्या तीन रीती

भावांच्या तीन घरांत बायकांचे स्थान तीन तऱ्हांचे होते.

राजकमलमध्ये पत्नी हीच नायिका. १९५१च्या ‘अमर भूपाळी’त संध्या आल्या, १९५२च्या ‘परछाई’त जयश्री आणि संध्या दोघी एका पडद्यावर, समोर स्वतः शांताराम. १९५५च्या ‘झनक झनक पायल बाजे’त नायिका संध्या, पुढच्या वर्षी त्यांच्याशी विवाह, आणि मग ‘दो आँखें बारह हाथ’, ‘नवरंग’पासून १९७२च्या ‘पिंजरा’पर्यंत राजकमलची मुख्य नायिका त्याच. इतक्या मोठ्या लोकप्रियतेच्या अभिनेत्रीचे राजकमलबाहेर जवळजवळ काम नाही, ही गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. त्यांना जे मिळाले ते अपूर्व होते: एका प्रतिभावान दिग्दर्शकाचे वीस वर्षे अखंड लक्ष. जे मिळाले नाही तेही मोठे: दुसऱ्या कोणाच्या नजरेतून आपण कशा दिसतो, हे पाहण्याची संधी. आणि जयश्रीबाईंना एकाच वेळी दोन गोष्टी सोडाव्या लागल्या. ज्या घरातून संसार गेला त्याच घरातून कामही गेले, कारण दोन्हींचा दरवाजा एकच होता.

भालजींच्या घरी उलट. लीलाबाई नायिका होत्या, पण कोल्हापुरात भालजींचा जयप्रभा स्टुडिओ बहरला तेव्हा त्याच्या नायिका इतर होत्या. तिथे नव्या मुलामुलींना घडवायचे, नाव द्यायचे, पुढे पाठवायचे अशी गुरुकुलाची रीत होती. १९४६च्या ‘सासुरवास’मधून सुलोचना पडद्यावर आल्या, त्यांना ते नाव भालजींनी दिले. चंद्रकांत आणि सूर्यकांत हे मांडरे बंधूही याच छायेत वाढले. पत्नीला सतत पडद्यावर ठेवायचे नाही, तर तिच्या घराभोवती स्टुडिओ उभा करायचा, ही भालजींची पद्धत. सुलोचनाबाईंचे पुढचे आयुष्य पाहा: त्या कोणत्याच स्टुडिओच्या सून नव्हत्या, म्हणून मराठी-हिंदीतल्या सगळ्या घरांत त्यांना जाता आले.

विनायकांच्या हंसची रीत तिसरी. १९३८च्या ‘ब्रह्मचारी’ने खळबळ उडवली ती मीनाक्षी शिरोडकर यांनी पोहण्याच्या पोशाखात केलेल्या प्रसंगामुळे. मीनाक्षीबाई विवाहित होत्या, पण त्यांचे पती डॉक्टर होते, चित्रपटातले नव्हते. त्या स्टुडिओत येत आणि घरी जात. कामाचा दरवाजा एक, घराचा दुसरा. आज आपल्याला ही साधी गोष्ट वाटते. १९३८ साली ती साधी नव्हती, आणि त्या काळच्या नायिकांत अशी मोकळीक फार थोड्यांच्या वाट्याला आली.

वऱ्हाडातून दिसणारे कोल्हापूर

हे सारे कोल्हापूर-पुणे-मुंबईचे. ढाणकी, उमरखेड या बाजूच्या माणसाला त्यातले काय दिसत होते? १९५६पर्यंत यवतमाळ जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात. पैनगंगा ओलांडली की हैदराबाद संस्थान. चित्रपट वितरणाचे इलाखेही साधारण याच सीमांनी पडलेले. सरकारी कामकाजात मराठीबरोबर हिंदी, नदीपलीकडे उर्दू. अशा मुलखात फिरत्या तंबूतून, जत्रेतून चित्रपट येई, आणि एकाच माणसाच्या कानावर तिन्ही भाषा असत.

भावांच्या वाटा का वेगळ्या झाल्या, त्याचे एक उत्तर या मुलखात सापडते. प्रभात आणि हंस आपली चित्रे मराठी आणि हिंदी अशी दोनदा करत, कारण निव्वळ मराठीवर खर्च निघत नसे. राजकमलने हिंदीकडे मोहरा वळवला. भालजींनी हिंदी केले, पण त्यांचा जीव मराठीत, शिवकाळात आणि गावगाड्यात. ‘थोरातांची कमळा’, ‘बहिर्जी नाईक’पासून ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’पर्यंत तो कायम राहिला. कलावंतांच्या स्वभावाइतकाच बाजाराचा नकाशाही त्यांना वेगळे करत होता. विदर्भातल्या प्रेक्षकाला हे भाऊ आहेत हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला पाट्यांवर वेगवेगळी नावे दिसत. त्यांच्यामागचे एक आजोळ दिसत नसे.

पडझड आणि परतफेड

१९ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्यानंतर चारच दिवसांनी, मास्टर विनायक वारले. वय अवघे एकेचाळीस. ‘मंदिर’ अपुरा राहिला. तो दिनकर पाटलांनी पुरा केला. प्रफुल्ल पिक्चर्सचा आधार तुटला. १९४२मध्ये मास्टर दीनानाथ गेल्यावर ज्या विनायकांनी मंगेशकर कुटुंबाला आणि कोवळ्या लताला आधार दिला होता, त्यांच्याच घरावर आता ती वेळ आली. त्यांची मुलगी नंदा लहानपणीच पडद्यावर कामाला लागली.

१९४८च्या आरंभी गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजींचा स्टुडिओ जळाला. ‘मीठ भाकर’ची फिल्मही त्यात गेली. भालजींनी तो चित्रपट पुन्हा उभा केला आणि १९४९ साली पडद्यावर आणला. पुढे कर्जापायी जयप्रभाची मालकी हातून जायची वेळ आली तेव्हा ती लता मंगेशकर यांनी घेतली. विनायकांनी दिलेला आधार असा वळसा घेऊन त्यांच्या भावाच्या दारात आला.

आणि नंदा? तिला मोठी नायिका म्हणून पहिली ओळख मिळाली १९५६च्या ‘तूफान और दीया’मधून. चित्रपट राजकमलचा, दिग्दर्शक शांतारामांचे चिरंजीव प्रभातकुमार. १९५७च्या ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या भूमिकेत पुन्हा बाबुराव पेंढारकर. बाबुराव या हकीकतीत सगळीकडे आहेत: प्रभातमध्ये, सिनेटोनमध्ये, हंसमध्ये, राजकमलमध्ये, अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’त तर शीर्षकभूमिकेत. वाटणी झालेल्या घरात एखादा थोरला भाऊ सगळ्यांकडे जेवायला जातो आणि त्यामुळे घर उरते, तसे त्यांचे होते.

नावे कोणाची

या भावांनी आपापली आत्मचरित्रे दिली: बाबुरावांचे ‘चित्र आणि चरित्र’, भालजींचे ‘साधा माणूस’, शांतारामांचे ‘शांतारामा’. मराठी चित्रपटाचा इतिहास लिहिणारा प्रत्येक जण या पुस्तकांवर विसंबतो, आणि विसंबावेच लागते. पण त्यामुळे झाले असे की स्टुडिओची हकीकत ही कर्त्या पुरुषाची हकीकत झाली. याच पडद्यावरच्या बायकांनीही लिहिले: दुर्गा खोटे, हंसा वाडकर, लीला चिटणीस, स्नेहप्रभा प्रधान. त्यांची पुस्तके आपण स्त्री-आत्मकथन म्हणून वाचतो, वाखाणतो आणि वेगळ्या कपाटात ठेवतो. ‘सांगत्ये ऐका’त पगार, करार, नवऱ्याची सत्ता आणि कामाचे तास यांविषयी जे आहे ते चित्रपटधंद्याच्या इतिहासाचे साधन म्हणून वापरले गेले असते, तर आपला इतिहास निराळा दिसला असता.

पुढच्या पिढीत या रीती थोड्या सैल झाल्या. शांताराम-विमलाबाईंची मुलगी मधुरा यांचा विवाह पंडित जसराज यांच्याशी झाला. त्यांनी पित्याचे चरित्र लिहिले, पतीवर माहितीपट केला, आणि उतारवयात ‘आई तुझा आशीर्वाद’ हा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला. जयश्रीबाईंच्या राजश्रीने ‘गीत गाया पत्थरों ने’मध्ये नायिका म्हणून नाव मिळवले आणि लग्नानंतर अमेरिका गाठून पडदा सोडला. एकीने घराण्याचा कॅमेरा आपल्या हाती घेतला, दुसरीने तो मागे ठेवला. दोन्ही निर्णय त्यांचे स्वतःचे होते, एवढे अंतर दोन पिढ्यांत पडले.

भालजींच्या कन्या माधवी देसाई चित्रपटात न जाता साहित्यात आल्या. रणजित देसाईंशी झालेल्या विवाहाविषयी त्यांनी ‘नाच गं घुमा’ लिहिले तेव्हा मराठी वाचकांत केवढे वादळ उठले ते पुष्कळांना आठवत असेल. लेखिकेने एका प्रसिद्ध पुरुषाच्या घरातले का सांगितले, यावर तेव्हा चर्चा झाली. पण ज्या मुलीचे बालपण स्टुडिओच्या आवारात गेले, घर आणि कलानिर्मिती यांना एकच दरवाजा असतो हे जिने लहानपणापासून पाहिले, ती या दरवाजाविषयी बोलली यात नवल कसले? तिच्या पुस्तकाची मुळे कोल्हापुरातही शोधायला हवीत.

शेवटी नात्याचीच गोष्ट. शांताराम आणि पेंढारकर बंधू मावसभाऊ होते. मावसभाऊ हे नाते बापाच्या नावावरून चालत नाही. ते आयांकडून येते, म्हणून आडनावे वेगळी आणि आजोळ एक. शांतारामांनी आपल्या स्टुडिओला नाव देताना वडील राजाराम आणि आई कमल यांची नावे जोडली आणि ‘राजकमल’ झाले. त्यातली कमल ही या सगळ्या भावांना एकत्र बांधणारा धागा. मराठी चित्रपटाचे तीन स्टुडिओ भावांनी उभे केले हे खरे. पण ते भाऊ एकमेकांचे भाऊ होते ते त्यांच्या आयांमुळे, आणि त्यांचे स्टुडिओ कधी उभे राहिले, कधी तगले, ते बायका-मुलींच्या श्रमांवर. पाटीवर निदान एका स्टुडिओने तसे लिहून ठेवले आहे. बाकीचे आपण लिहायचे आहे.